ओमाच्या मातीचं जेवण

व्हर्लीन टॅकेटचा जबडा डावीकडे सरकलेला आहे. बोलताना तिचं तोंड एकाच बाजूनं उघडतं आणि त्या बाजूनं बहुतेक वेळा शिवीच बाहेर येते. नवीन गिऱ्हाईक पहिल्यांदा बिचकतं. जुनी गिऱ्हाइकं मात्र फोनवर आधी विचारतात, "व्हर्लीन आहे का कामावर? मग पाठवा." कारण आमच्या क्रीकसाइड हॉटेलात फॅमिली पॅक कुणीही भरून देईल, पण व्हर्लीननं भरलेला पॅक घरी नेला की चौघांच्या जेवणात सहा जण उठतात.

पॅक म्हणजे तरी काय? तळलेली कोंबडी, कुस्करलेला बटाटा, पांढरी ग्रेव्ही, फरसबी, मऊ बन आणि गोड गार चहाचा डबा. रविवारी चर्चमधून परतताना लोक तो घेऊन जातात आणि सोमवारी उरलेल्या हाडांचं सूप करतात. खाण बंद पडल्यापासून आमच्या डोंगरात अर्धी घरं अशीच जेवतात. बारशापासून मातीपर्यंत जी मोठी जेवणं असतात ती मोठ्या ट्रेमधून जातात आणि ते सगळं खातं व्हर्लीनकडे. मी भट्टीवर असतो. माझं नाव बर्ल. ती मला 'ए तेलकट' म्हणते.

मालक होबार्ट रोज एकदा तरी ओरडणार, "व्हर्लीन, मी हॉटेल चालवतोय, अन्नछत्र नाही!"

"मग तुझी डाव बदल. एवढीशी डाव बघून कोंबडीलासुद्धा वाटतं, उगाच मेले."

तिला घाबरत नाही असं माणूस गावात सापडणं कठीण. एकदा खिडकीवर पॅक न्यायला आलेल्या एका बहाद्दरानं बायकोच्या फाडकन मुस्काटात मारली. कारण काय, तर तिनं मांडीऐवजी छातीचे तुकडे सांगितले. व्हर्लीन मागच्या दारानं ग्रेव्हीची डाव घेऊन बाहेर गेली. मी मागं पळेपर्यंत त्याचा पुढचा दात गाडीच्या बॉनेटवर पडला होता. होबार्टनं त्या माणसाची दहादा माफी मागितली. तो पुन्हा आला नाही. त्याची बायको मात्र दर रविवारी एकटी येऊ लागली.

हा जबड्याचा किस्सा गावाला पाठ आहे, तरी सांगतो. व्हर्लीनचा नवरा आर्लिस. दिसायला देखणा, आवाज लोण्यासारखा. एका संध्याकाळी घेवडा गार लागला म्हणून त्यानं बिडाचा तवा उचलला आणि तिच्या तोंडावर हाणला. ती पडल्यावर आणखी दोनदा हाणला. मग ओट्यावरचं रॉकेल व्हरांड्यात ओतून काडी लावली आणि गाडीत बसून सिगारेट ओढत बसला. शेजाऱ्यांनी तिला पाय धरून बाहेर ओढली. लेक रेलिन त्या दिवशी आजीकडे, म्हणजे आर्लिसच्या आईकडे, ओमाकडे होती. तिनं काहीच पाहिलं नाही. पुढं जे काही झालं त्याचं मूळ मला तिथंच दिसतं.

आर्लिस तुरुंगात गेला. जबड्याला तारा बांधलेल्या असतानाच व्हर्लीन काम मागायला आली. तोंड उघडेना. होबार्टनं विचारलं, "कोंबडी कापता येते?" तिनं सुरा घेतला आणि सांध्यासांध्यातून अशी कोंबडी मोकळी केली की होबार्टनं तिथंच तिला ॲप्रन दिला. कुणाची तरी मान मोडत असल्यासारखा तिचा चेहरा होता. मला वाटतं, अजूनही ती कोंबडी कापताना कोंबडी कापत नाही.

ओमा म्हातारी वेगळीच चीज होती. आपला तो बाब्या, या जातीची. मुलाच्या खटल्यात तिनं साक्ष दिली, "माझा आर्लिस माशीसुद्धा मारत नाही." पण पोरीला तिनंच वाढवलं, व्हर्लीन दिवसरात्र राबत होती तेव्हा. आणि शेवटी तिचा घास अडकला तो व्हर्लीनपाशीच. मरायच्या आधी ती काठी टेकत हॉटेलात आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "माझ्या मातीचं जेवण तू घालायचंस. दुसऱ्या कुणाची ग्रेव्ही नको. ती घशात डकते."

"मेल्यावर तुला कळणार आहे का गं म्हातारे?"

"मला नाही. माझ्या माणसांना कळेल. शब्द दे."

व्हर्लीननं दिला. मरणाऱ्याला दिलेला शब्द आमच्याकडे मागं घेत नाहीत. त्या वेळी आर्लिस आत होता, म्हणून तिला काही वाटलं नाही. पण म्हातारी चिवट निघाली. ती वसंतापर्यंत जगली आणि ती मरायच्या आधीच मुलगा सुटून आला.

तो म्हणे बदलून आला होता. हातात बायबल, जिभेवर देव. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, पण आमच्या गावाला सुंभ कुठला आणि पीळ कुठला हे कधीच ओळखता आलं नाही. कोर्टाचा हुकूम होता, व्हर्लीनच्या आसपास फिरकायचं नाही. तो फिरकलाच नाही. तो रेलिनच्या आसपास फिरकला. ती विशीला टेकलेली, घरात आईच्या शिव्या ऐकून कंटाळलेली. हा रोज तिला 'माझी राजकुमारी' म्हणायचा, जुन्या गाडीतून फिरवायचा, टेनेसी राज्यात घर घेतलंय म्हणायचा. ओमाची माती झाली की बाप आणि लेक टेनेसीला जाणार असं ठरलं.

हे व्हर्लीनला रेलिननंच सांगितलं, ओमा गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या स्वयंपाकघरात, सगळ्यांसमोर.

"तुझी बॅग भरून झाली का?" व्हर्लीननं विचारलं.

"हो."

"त्यानं मला तव्यानं मारलं होतं, रेलिन."

"तेव्हा तो प्यायचा, मम्मी. आता देवाचा झालाय."

"देवाचा झालाय तर देवाकडे जाऊ दे. तुला कशाला नेतोय?"

"कारण तो माझ्याशी गोड बोलतो! तू कधी बोललीस?"

व्हर्लीनचा हात उठला. तो आवाज भट्टीच्या घरघरीतूनही ऐकू आला. रेलिन गालाला हात लावून उभी राहिली आणि मग हसली. "बघ. हात कुणाचा उठतो ते बघ सगळ्यांनी."

ती गेली. व्हर्लीन कोंबड्यांच्या खोक्याकडे वळली आणि संध्याकाळपर्यंत कापत राहिली. मी म्हटलं, "दुसऱ्या कुणाला पाठव ना मातीला. मी जातो." ती म्हणाली, "ए तेलकट, शब्द मी दिलाय. आणि ती पोर त्याच्या गाडीत बसायच्या आधी मला तिला एकदा नीट बघायचंय."

मातीच्या दिवशी सगळं रीतीप्रमाणे झालं. आमच्या रीती मी लहानपणापासून पाळतो, पण त्या दिवशी त्यांचा जो राग आला तो अजून गेला नाही. पहिली रीत, मातीच्या जेवणाला हत्यार आणायचं नाही. ब्रदर एस्टिल, आमचे पाद्री, चर्चच्या दारात उभे राहून एकेकाला विचारत होते आणि पुरुष आपापली पिस्तुलं गाड्यांत ठेवून येत होते. दुसरी रीत, वर्दीवाल्यानं आत यायचं नाही, मयताचा मान. म्हणून शेरीफचा माणूस लॉनी रस्त्यावर गाडीला टेकून उभा होता. त्याला कोर्टाचा हुकूम माहीत होता. मी त्याला म्हटलं, "आर्लिस आत आहे आणि व्हर्लीनही आत आहे."

"बर्ल, आईच्या मातीला पोराला मी अडवू? गाव माझ्या तोंडावर थुंकेल."

"मग निदान आत ये."

"वर्दीत? जेवण चालू असताना? तू शुद्धीवर आहेस ना?"

असा हा शहाणपणा. सगळ्यांना खिसे रिकामे करायला लावले आणि टेबलावर हॅम कापायचा सुरा आणि मांस धरायचा दोन दातांचा लांब काटा उघडा पडला होता, त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. तो जेवणाचा भाग होता.

चर्चच्या मागच्या मोठ्या खोलीत आम्ही लांब टेबल मांडलं होतं. कोंबडी, बटाटा, फरसबी लोकांनी हातानं घ्यायचं. हॅम मात्र वाढपी कापून देणार. म्हणजे प्रत्येकाला व्हर्लीनसमोरून जावंच लागणार. ब्रदर एस्टिल म्हणाले, "घरचे आधी." आर्लिस ताट घेऊन रांगेच्या तोंडाशी आला. काळा कोट, भांग पाडलेला. त्याच्या मागं रेलिन, डोळे रडून सुजलेले.

"व्हर्लीन," तो म्हणाला, "छान दिसतेस. तोंड सोडून."

त्याच्या मागचे दोघे-तिघे फिसकन हसले. मातीला आले होते मुडदे.

व्हर्लीननं हॅमचा तुकडा कापायला सुरा टेकवला, तेवढ्यात ब्रदर एस्टिलनी हात वर केला. जेवणाआधीची प्रार्थना. आमच्याकडे प्रार्थनेला सगळे शेजाऱ्याचा हात धरतात आणि डोळे मिटतात. व्हर्लीननं सुरा खाली ठेवला. आर्लिसनं डाव्या हातानं लेकीचा हात धरला आणि उजवा हॅमच्या फळीवर टेकवला. रेलिनचा दुसरा हात मोकळा होता. तो तिनं टेबलावरून आईकडे केला.

इथपर्यंत मी पाहिलं, आणि मग मी बनचा ट्रे ठेवून डोळे मिटले. खोलीतल्या प्रत्येकानं मिटले. आर्लिस टॅकेट आत असताना सगळं गाव डोळे मिटून उभं होतं. आमच्याशिवाय असला गाढवपणा कोण करणार?

एकटी व्हर्लीन डोळे उघडे ठेवून होती. त्या माणसासमोर ती कधीच डोळे मिटत नसे. तिनं मला नंतर सांगितलं ते असं. पोरीनं आपली बोटं तिच्या बोटांत घातली. कितीतरी वर्षांनी घातली. आर्लिसनं एक डोळा उघडला, ते बघितलं आणि व्हर्लीनकडे बघून हसला. मग तो पोरीचं मनगट पिळू लागला. हळूहळू. ब्रदर एस्टिल ओमाच्या आत्म्याबद्दल बोलत होते आणि हा लेकीचा हात ओल्या फडक्यासारखा पिळत होता. रेलिननं खालचा ओठ दातांत धरला, ओठातून रक्त आलं आणि तिनं आईची बोटं सोडली. मग आर्लिसनं ओठ हलवून, आवाज न करता, एवढंच म्हटलं, 'माझी आहे.'

माझ्या कानांवर फक्त 'आमेन' आलं आणि त्याच्याबरोबर एक कचकन आवाज.

मी डोळे उघडले तेव्हा काटा आर्लिसच्या उजव्या पंजातून आरपार जाऊन फळीत रुतला होता. व्हर्लीन दोन्ही हातांनी मुठीवर भार देऊन उभी होती. मग तो किंचाळला. किंचाळतच त्यानं डाव्या हातानं तिची मान पकडली आणि तिला टेबलावरून ओढलं. बटाट्याचा ट्रे उलटला. ट्रे गरम राहावा म्हणून खाली ठेवलेल्या दिव्याची आग टेबलावर अंथरलेल्या कागदाला लागली. व्हर्लीननं मान सोडवायचा प्रयत्न केला नाही. तिनं ग्रेव्हीचं भांडं ओढून त्याच्या छातीवर पालथं केलं. ग्रेव्ही उकळती होती. त्याची कातडी शर्टाला चिकटली ती मी पाहिली.

टॅकेटांचा एक चुलतभाऊ व्हर्लीनच्या केसांना धरून तिला लाथा घालू लागला. मी चहाचा भरलेला डबा त्याच्या डोक्यात घातला, सांडलेल्या चहानं टेबलावरची आग तेवढी विझली. मग कोण कुणाला मारतंय हे कळेनासं झालं. माझी दोन बोटं तेव्हा मोडली, कुणी मोडली ते आजही ठाऊक नाही. ब्रदर एस्टिल "मयताची लाज धरा रे!" म्हणून ओरडत होते आणि त्यांच्याच नाकातून रक्त वाहत होतं. आता लॉनी आत आला, वर्दीसकट. त्यानं काय पाहिलं? रक्तात माखलेली व्हर्लीन आणि फळीला खिळलेला, आईच्या मातीला आलेला मुलगा. चोर सोडून संन्याशाला सुळी. त्यानं तिच्या हातांत बेड्या घातल्या.

सगळ्यात वाईट ते पुढं झालं. काटा उपसल्यावर रेलिननं गळ्यातला स्कार्फ काढून बापाच्या पंजाला गुंडाळला. डाव्या हातानं गुंडाळला, उजवा ती अंगाशी धरून होती. ती रडत होती, "डॅडी, डॅडी." आईकडे तिनं बघितलंच नाही. रुग्णवाहिकेत ती बापाबरोबर चढली.

व्हर्लीन लॉनीला म्हणाली, "तिचा हात बघा. तिचं मनगट बघा."

कुणी बघितलं नाही.

खटला उन्हाळ्यात उभा राहिला. होबार्टनं वकील दिला. आम्हाला वाटलं नव्हतं त्याच्यात एवढी धमक असेल. वकिलानं साफ सांगितलं, "पोरीला वाचवायला मारलं असं ठरलं तर सुटाल. नाहीतर कित्येक वर्षं आत. आणि ते ठरवणारा साक्षीदार एकच आहे." व्हर्लीन म्हणाली, "तिला बोलवायचं नाही. तिला रात्री टेनेसीत त्याच्याच घरी जायचंय." वकिलानं ऐकलं नाही.

कोर्टात गाव लोटलं होतं. एकेक जण येऊन शपथेवर सांगत होता, 'आम्ही प्रार्थनेत होतो. डोळे उघडले तेव्हा काटा मारलेला होता.' मीही तेच सांगितलं. खोटं कसं बोलणार? शपथ घेतली होती. त्या खुर्चीतून उतरताना स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावीशी वाटली.

मग रेलिनला बोलावलं. बाहेर अंग भाजणारं ऊन, आणि ती मनगटाशी बटण लावलेल्या लांब बाह्यांच्या ब्लाउजात. टेनेसीनं तिचं अर्धं वजन खाल्लं होतं. आर्लिस पुढच्या बाकावर बसला होता, आखडलेला पंजा सगळ्यांना दिसेल असा मांडीवर ठेवून. तो लेकीकडे बघून मायेनं मान हलवत होता.

"प्रार्थना चालू असताना तुमच्या वडिलांनी काय केलं?" वकिलानं विचारलं.

"हात धरला होता."

"कसा?"

"सगळे धरतात तसा." ती जमिनीकडे बघत पाठ केल्यासारखं बोलत होती. "मम्मीचा स्वभाव तापट आहे. डॅडींनी मला कधी..."

"बास!" व्हर्लीन उभी राहिली. वाकडं तोंड पांढरंफटक पडलं होतं. "बास झालं. मी मारला काटा. मला मारायचाच होता, असं लिहून घ्या. जन्मभर आत टाका. पण तिला अजून एक शब्द बोलायला लावू नका. ती इथं जे चुकीचं बोलेल त्याचं तिला घरी भरावं लागेल."

न्यायाधीशांनी हातोडा आपटला. व्हर्लीनचा वकील तिचा दंड धरून तिला खाली खेचत होता. ती हलत नव्हती. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. जबड्याच्या तारा काढताना नाही, जळालेलं घर बघतानाही नाही. आता तिच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

"साक्षीदारानं खाली उतरावं," न्यायाधीश म्हणाले.

रेलिन उतरली नाही. ती आईकडे बघत होती. मातीच्या जेवणानंतर पहिल्यांदाच बघत होती.

"मम्मी," ती म्हणाली, "तू बस खाली. माझं सांगून झालं नाहीये."

तिनं मनगटावरच्या बटणाला हात घातला.

"राजकुमारी," आर्लिस पुढच्या बाकावरून हळूच, त्या लोण्यासारख्या आवाजात म्हणाला. तो अर्धा उठला होता. लॉनीनं मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला दाबून बसवलं.

रेलिननं एक बाही खांद्यापर्यंत वर केली. मग दुसरी. खोलीतल्या एकाही माणसाला डोळे मिटायची सोय नव्हती. मातीच्या जेवणातले वळ जाऊन महिने झाले होते. तिच्या हातांवरचे हे सगळे नवे होते.